जुनी टपाल तिकिटं: पत्राला लावायची, विकायची की डब्यातच ठेवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरचे डबे खाली येतात आणि मला फोन यायला लागतात. "काका, आजोबांची तिकिटं सापडलीत. काय करू?" मी नाशिकरोडला राहतो आणि चाळीसेक वर्षं तिकिटं जमवतोय. मी दुकानदार नाही, त्यामुळे तुमचा डबा स्वस्तात पदरात पाडून घेण्यात मला काही मिळायचं नाही. प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी एवढंच सांगा, लाखो रुपये मिळतील का?

बहुधा नाही. फोनवर हे ऐकून समोरचा माणूस हिरमुसतो, पण खोटी आशा लावून देण्यापेक्षा ते बरं.

"साठ वर्षं जुनं आहे" हे वाक्य मी सर्वात जास्त वेळा ऐकतो. पण तिकिटाची किंमत त्याच्या वयावर ठरत नाही. किती छापली, त्यातली किती उरली आणि ती घ्यायला किती जण तयार आहेत, यावर ठरते. जगातलं पहिलं टपाल तिकीट म्हणजे इंग्लंडचं १८४० सालचं पेनी ब्लॅक. ते छापलं गेलं सुमारे ६ कोटी ८० लाख, म्हणून ते प्रसिद्ध असलं तरी दुर्मिळ नाही. आपल्याकडचं १८५४ सालचं अर्ध्या आण्याचं निळं तिकीटही कोट्यवधींनी छापलं होतं. कडा कातरलेला, मळका नमुना अजूनही सामान्य संग्राहकाला परवडतो.

याच्या उलट उदाहरण १९४८ सालचं. गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर 'सर्व्हिस' असं छापून सरकारी वापरासाठी फक्त १०० तिकिटं काढली गेली. त्यातल्या चारांची एक पट्टी २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. बातम्यांत येतं ते हे. तुमच्या-माझ्या डब्यात असतात ती १९७० ते ९० च्या काळातली, लाखांनी छापलेली आणि हजारो घरांत जपून ठेवलेली तिकिटं. सगळ्यांनीच जपली, म्हणून कोणाचीच महाग झाली नाहीत.

डबा सापडला. पहिलं काम काय करू?

काहीही करू नका. खरंच. बहुतेक नुकसान पहिल्या दुपारी उत्साहाच्या भरात होतं. कोणी पाकिटावरून तिकीट फाडून काढतं, कोणी फाटलेल्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावतं, कोणी 'छान दिसावं' म्हणून लॅमिनेट करून आणतं. लॅमिनेट केलेलं तिकीट संपलंच. चिकटपट्टीचा पिवळा डागही निघत नाही.

माझाच किस्सा सांगतो. अकरा-बारा वर्षांचा होतो. देवळाली कॅम्पात राहणाऱ्या एका लांबच्या आजोबांनी त्यांच्या जुन्या पत्रांचा गठ्ठा मला दिला. मी कात्री घेऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत सगळी तिकिटं कापून वहीत चिकटवली, तीही कणकेच्या खळीने! पाकिटं बंबात गेली. त्यांवर लष्करी टपालाचे गोल शिक्के होते, सेन्सॉरच्या पट्ट्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात देवळाली मोठी लष्करी छावणी होती, काही काळ तिथे नजरबंद केलेल्या परदेशी नागरिकांचा कॅम्पही होता. मी ठेवली ती सहाव्या जॉर्जची तिकिटं, जी आजही ढिगाने मिळतात, आणि जाळली ती पाकिटं, जी आता शोधूनही सापडत नाहीत. ती वही अजून माझ्याकडे आहे. खळीमुळे कसर लागलेली.

तेव्हा हात स्वच्छ पुसा, जेवणाच्या टेबलावर कोरा कागद पसरा आणि चार ढीग करा. न वापरलेली कोरी तिकिटं एकीकडे, शिक्का बसलेली सुटी तिकिटं दुसरीकडे, अख्खी पाकिटं-कार्डं-इनलँड तिसरीकडे आणि अल्बममध्ये लावलेली पानं जशीच्या तशी चौथीकडे. तिकीट उचलायला चपट्या टोकाचा चिमटा वापरा. बोटांचा घाम डिंकाला लागला की कायमचा ठसा उमटतो.

रुपया-पैशांतली जुनी कोरी तिकिटं आज पत्राला लावली तर चालतात का?

चालतात. मी स्वतः लावतो. पुण्याच्या भाच्याला, अमरावतीच्या मित्राला माझी पत्रं अशीच जातात. साध्या पत्राचा दर २० ग्रॅमपर्यंत गेली कित्येक वर्षं ५ रुपये आहे. एक रुपयाची पाच तिकिटं लावा किंवा ५० पैशांची दहा. बेरीज जमली की झालं.

अडचण होते ती जागेची. एकदा हौसेने सावरकरांचं १९७० सालचं २० पैशांचं तिकीट लावायचं ठरवलं. ५ रुपये होण्यासाठी पंचवीस तिकिटं लागली! पत्ता लिहायला जेमतेम दोन बोटं जागा उरली. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, एकेक तिकीट मोजलं, मग हसल्या आणि पंचवीस वेळा शिक्का मारला. रांगेतले लोक मात्र हसत नव्हते. तेव्हापासून मी लांब पाकीट घेतो, गर्दी नसलेली दुपारची वेळ गाठतो आणि छोट्या मूल्याची तिकिटं एखाद-दोनच घालतो.

दोन-तीन गोष्टी अनुभवातून. जुन्या तिकिटांचा डिंक बहुतेक वाळून गेलेला असतो. नुसतं ओलं करून चिकटवलं तर पाकीट पोचेपर्यंत तिकीट गळून पडतं. मागे पातळसा ताजा डिंक लावा. पत्र लाल पेटीत टाकण्यापेक्षा काउंटरवर द्या आणि "हाताने शिक्का मारा" अशी विनंती करा, नाहीतर कोणीतरी निळ्या बॉलपेनने तिकिटांवर रेघ ओढून मोकळं होतं. एखाद्या नव्या कर्मचाऱ्याने २५ पैशांचं तिकीट कधी पाहिलेलंच नसतं. तो अडला तर वाद घालू नका, पोस्टमास्तरांना दाखवा.

आण्यांची तिकिटं लावता येतील?

नाही. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आणि नव्या पैशांची तिकिटं आली. आणे-पै कधीच व्यवहारातून गेले. कोरं आण्याचं तिकीट पत्राला लावणं म्हणजे तिकीटही वाया आणि पत्रही बैरंग.

कोरी तिकिटं पोस्टात परत देऊन पैसे मिळतात का?

नाही मिळत. पोस्ट तिकीट विकतं, परत घेत नाही. जपलेल्या कोऱ्या तिकिटांचे दर्शनी मूल्याइतके पैसे वसूल करायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे पत्र लिहिणं.

शिक्का नीट बसला नाही, असं तिकीट पुन्हा वापरलं तर?

तो गुन्हा आहे. शिक्का पुसून तिकीट पुन्हा लावणं तर सरळसरळ फसवणूक. पाच रुपयांसाठी हा उद्योग करू नका.

मग नेमकं ठरवायचं कसं, लावू की विकू?

मी वापरतो ती फूटपट्टी सांगतो. कोरं तिकीट १९७० नंतरचं आहे, सुटं आहे आणि त्याच्या खूप प्रती ऑनलाइन दर्शनी किमतीच्या (तिकिटावर छापलेल्या किमतीच्या) आसपास विकायला दिसतायत? मग लावा. बिनधास्त लावा. अशा तिकिटांचा गठ्ठा विकायला नेलात तर व्यापारी बऱ्याचदा दर्शनी मूल्यापेक्षाही कमी देतो, कारण त्यालाही तो वर्षानुवर्षं सांभाळायचा असतो. १०० रुपयांची तिकिटं ६० ला विकण्यापेक्षा वीस पत्रं लिहिलेली काय वाईट? पत्र मिळालेल्या माणसाला ती तिकिटं नवलाची वाटतात, हा वरचा नफा.

१९५०-६० च्या दशकांतलं कोरं, डिंक शाबूत असलेलं तिकीट असेल तर थांबा, आधी किंमत बघा. स्वातंत्र्यापूर्वीचं कोरं असेल तर लावायचा प्रश्नच येत नाही. शिक्का बसलेली सुटी, अलीकडची तिकिटं विकून चहाचे पैसे सुटतील. ती मुलांना द्या. अख्ख्या पाकिटांना मात्र हात लावायचा नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. कोऱ्या तिकिटांचा अख्खा ताव, समासावर छापखान्याची नोंद असलेले चार जोडलेल्या तिकिटांचे तुकडे किंवा मिनिएचर शीट (संग्राहकांसाठी काढलेला छोटा ताव) असेल तर ते फाडून पत्राला लावू नका. तिकीट साधं असलं तरी अखंड तावाला मागणी असते. आपल्याकडे मिनिएचर शीट १९७३ च्या इंडिपेक्स प्रदर्शनापासून निघू लागल्या आणि सुरुवातीच्या शीट आजही लोक मागतात.

कोणतं तिकीट दिसलं की थांबायचं?

सगळी यादी इथे देता येणार नाही, पण नाशिकच्या घरांतून जे निघतं त्यावरून सांगतो.

सिंध डाक सापडण्याची शक्यता शून्याच्या जवळपास आहे. १८५२ सालचं, आशिया खंडातलं हे पहिलं टपाल तिकीट. पण उठावदार छाप असलेलं गोल तिकीट दिसलं तर लगेच 'सापडलं!' म्हणून नाचू नका. त्याच्या नकला आणि आठवणीखातर काढलेल्या प्रतिकृती ढिगाने आहेत.

त्यानंतर राणीच्या आणि राजांच्या मुखवट्याची तिकिटं. इथे नाशिकचा संबंध येतो आणि मला राहवत नाही, म्हणून जरा सविस्तर. १९२५ पर्यंत भारताची तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापून जहाजाने यायची. मग नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२६ पासून पाचव्या जॉर्जची तिकिटं इथे छापून निघू लागली. चित्र तेच, रंगही जवळपास तेच. फरक कागदात. लंडनच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एकच तारा असतो. नाशिकच्या कागदात छोटे छोटे तारे पसरलेले असतात. बघायचं कसं? काळ्या, गुळगुळीत बशीत तिकीट पालथं ठेवा आणि सिगारेट-लायटरमध्ये भरतात त्या इंधनाचे दोन थेंब टाका. कागद क्षणभर पारदर्शक होतो आणि तारे गडद होऊन वर येतात. इंधन उडून गेलं की तिकीट पूर्ववत. जवळ उदबत्ती किंवा गॅस पेटलेला नको, एवढं सांभाळा. पाण्याने हा प्रयोग करू नका, कोऱ्या तिकिटाचा डिंक धुऊन जाईल. लंडन आणि नाशिक अशा दोन्ही छपायांची तिकिटं एकाच डब्यात निघाली की मला तरी पैशांपेक्षा याचाच आनंद जास्त होतो.

नाशिकच्याच प्रेसमधून १९२९ ची हवाई टपालाची विमानवाली तिकिटं निघाली आणि १९३१ ची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची मालिकाही. पूर्ण संच, स्वच्छ आणि कडेचे दाते शाबूत असलेला असेल तर तो वेगळा काढा.

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं. साडेतीन आण्याचं, तिरंगा आणि 'जय हिंद' असलेलं. १५ डिसेंबरला अशोकस्तंभाच्या सिंहांचं दीड आण्याचं आणि विमानाचं बारा आण्याचं आलं. मनाने मौल्यवान, बाजारात माफक. अजून बरेच मिळतात.

येवल्याच्या पलीकडे, वैजापूर-औरंगाबादकडे सोयरिक असलेल्या घरांत हमखास दुसरीच तिकिटं निघतात. उर्दू अक्षरं आणि बाजूला तेलुगू, मराठी. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानची. संस्थानचं टपाल खातं वेगळं होतं. लोक त्यांना 'परदेशी' समजून बाजूला टाकतात. टाकू नका. विशेषतः ती पाकिटावर असतील तर.

आमच्याकडे गांधीजींचं दहा रुपयांचं आहे! खरं की खोटं?

१५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. गंमत बघा, स्वदेशीचा मंत्र देणाऱ्या माणसाची तिकिटं छापून आली ती स्वित्झर्लंडहून, कूर्व्हॉझिएच्या छापखान्यातून. कारण त्या पद्धतीची फोटोग्रॅव्ह्यूर छपाई तेव्हा नाशिकला होत नव्हती. १९५२ ची संत-कवींची मालिका, ज्यात कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर आहेत, ती त्या तंत्राने नाशिकला छापलेली पहिली.

आता तुमचं दहा रुपयांचं तिकीट. नकली असण्याची शक्यता धरूनच चाला. भारतातलं बहुधा सर्वात जास्त नक्कल झालेलं तिकीट हेच. भिंगाखाली खऱ्या फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये रंगाचे बारीक, एकसारखे कण दिसतात आणि छटा एकमेकींत विरघळतात. ऑफसेटच्या नकलेत ठिपक्यांची जाळी स्पष्ट दिसते. कोऱ्यापेक्षा शिक्का मारलेल्या नकला लोकांना फसवतात, कारण शिक्का पाहिला की माणूस निर्धास्त होतो. शंका असेल आणि तिकीट खरंच भारी वाटत असेल तर तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र घ्या. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची अशी समिती आहे. प्रमाणपत्राला पैसे पडतात, म्हणून आधी एखाद्या अनुभवी संग्राहकाला दाखवा.

नाशिकच्या माणसांची तिकिटं आहेत, त्यांना इथे जास्त भाव मिळेल?

भाव नाही, भाव खायला मिळेल! त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९७१ च्या २० पैशांच्या तिकिटावर आहेत. भगूरचे सावरकर १९७० च्या. येवल्यात जन्मलेले तात्या टोपे १९८४ च्या ५० पैशांच्या तिकिटावर. कुसुमाग्रजांचं तिकीट २००३ सालचं. एकही दुर्मिळ नाही. पण मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांचं तिकीट लावून कोणाला पत्र पाठवलंत तर त्याची मजा औरच. मी दर वर्षी पाठवतो. साठा संपत आलाय.

आजोबा प्रेसमध्ये होते. डब्यात चुकीची छपाई, दाते नसलेली तिकिटं आहेत. ती तरी मौल्यवान असतील ना?

नाशिकरोड, जेल रोड भागातून हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. उत्तर दोन भागांत.

पोस्टाच्या काउंटरवर रीतसर विकली गेलेली, पण एखादा रंग छापायचा राहिलेली किंवा दाते न पडलेली तिकिटं ही खरी 'एरर'. त्यांना चांगली मागणी असते. मात्र छापखान्यातच बाद ठरवलेला, नष्ट करायचा कागद बाहेर आला असेल तर तो 'प्रिंटर्स वेस्ट'. संग्राहक त्याला कमी लेखतात, आणि सुरक्षा छापखान्यातून असा कागद बाहेर येणं कायद्यालाही मान्य नाही. तुमच्या आजोबांनी पोस्टातून विकत घेतलेली असतील तर बिनधास्त दाखवा. तसं नसेल तर विकायच्या भानगडीत न पडता आधी वकिलाला विचारा. आणखी एक, पाकिटांवरची बरीच 'दाते नसलेली' तिकिटं प्रत्यक्षात कोणीतरी कात्रीने कापलेली असतात. दाते नसलेली म्हणून दाखवायची असतील तर निदान दोनाची जोडी हवी, मध्ये न कापलेली.

पाकिटं, कार्डं, इनलँड यांचं काय? ती तर रद्दीच आहे.

मी ऐकलेलं सगळ्यात महाग वाक्य.

पाकिटावर तिकिटाशिवाय बरंच काही असतं. कुठून निघालं, कधी, कोणत्या वाटेने, किती पैसे लागले. नाशिकच्या इंग्रजी शिक्क्यांवर बरीच वर्षं 'नासिक' असं लिहिलेलं दिसतं. गावोगावच्या छोट्या पोस्टांचे शिक्के गोळा करणारे लोक आहेत, सुटं तिकीट त्यांना नको असतं. विमानाच्या पहिल्या उड्डाणातली पाकिटं, सेन्सॉरची पट्टी, 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आलेली, अपुऱ्या तिकिटांमुळे दंड बसलेली, सगळी बाजूला काढा. रजिस्टर्ड पोस्टची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, त्यामुळे रजिस्टरचं लेबल असलेली पाकिटंही आता मागे पडलेल्या काळाची झाली. अजून खूप आहेत, पण जागा असेल तर ठेवा.

आतलं पत्रही पाकिटातच असू द्या. कौटुंबिक, खाजगी मजकूर असेल तर विकण्याआधी वाचून बघा. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या आजीचं पत्र अनोळखी माणसाच्या अल्बममध्ये जाणं तुम्हाला चालणार आहे का, हे पैशांच्या आधी ठरवा.

पावसाळ्यात कोरी तिकिटं एकमेकांना चिकटली. ओढून काढू?

ओढू नका! डिंक खराब झाला तरी परवडेल, पण कागदाचा पदर निघाला की तिकीट पातळ होऊन बाद. एका घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज ठेवा, वर जाळी, जाळीवर तिकिटं. झाकण लावा आणि काही तासांनी बघत राहा. दमटपणाने डिंक सैल होतो आणि तिकिटं आपोआप सुटतात. घाई केली की संपलं. सुटल्यावर पालथी ठेवून वाळवा. इस्त्री फिरवायची नाही.

शिक्का बसलेलं, अलीकडचं, साधं तिकीट कागदावरून सोडवायचं असेल तर भोवती बोटभर कागद ठेवून कापा, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या. आपोआप सुटेल. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळे भिजवा, नाहीतर लाल पाकिटाचा रंग सगळ्यांना लागतो आणि मग गुलाबी गांधीजी मिळतात. वर्तमानपत्रावर वाळवू नका, शाई उतरते. टीपकागद घ्या.

साठवायला गोदरेजचं कपाट ठीक, पण बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. अल्बम उभा ठेवा, आडवा रचून दाबू नका. जुलै-ऑगस्टात महिन्यातून एकदा पानं उघडून वारा द्या. पिवळे-तपकिरी डाग, ज्याला आम्ही गंज म्हणतो, ते एका तिकिटावरून दुसऱ्यावर पसरतात. असं तिकीट लगेच वेगळं करा.

विकायचंच ठरलं. कुठे जाऊ?

आधी कॅटलॉगबद्दल, म्हणजे तिकिटांच्या किमतींच्या छापील यादीबद्दल, एक गैरसमज काढून टाका. कॅटलॉगमध्ये छापलेली किंमत म्हणजे निर्दोष तिकिटाची दुकानदाराने लावायची किंमत. ती तुमच्या हातात पडणार नाही. व्यापाऱ्याला माल घ्यायचा, ठेवायचा, गिऱ्हाईक शोधायचं असतं. कॅटलॉगच्या किमतीचा एक हिस्सा मिळतो, तो किती हे तिकिटाच्या मागणीवर.

नाशिकमध्ये मी सुरुवातीला सांगतो ते असं: जीपीओत जाऊन फिलाटेलीच्या, म्हणजे तिकीटसंग्रहाच्या, खिडकीची चौकशी करा. तिथे तिकिटं विकत घेणार नाहीत, पण तिथे येणारे संग्राहक भेटतील. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचं संग्रहालय जरूर बघा. पण ते नाण्यांचं, तिकिटं घेऊन जाऊ नका. महापेक्स हे राज्यस्तरीय प्रदर्शन भरतं तेव्हा राज्यभरचे व्यापारी एका छताखाली येतात. एका स्टॉलवरून दुसऱ्यावर जात तीन दर घ्या. माल खरंच चांगला असेल तर मुंबईतल्या लिलावांकडे जा. त्यांचं कमिशन, पैसे किती दिवसांत देणार, विकलं गेलं नाही तर परतीचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या.

आणि अल्बम कोणाकडेही 'दोन दिवस बघायला' सोडून येऊ नका. प्रत्येक पानाचा फोटो आधी काढा. माझ्या ओळखीच्या एका काकूंचा अल्बम परत आला तेव्हा पानं तितकीच होती, पण तीन जागा रिकाम्या होत्या. सिद्ध काय करणार? फोटोच नव्हता.

"यातली चांगली तेवढी घेतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणायला शिका. तो मलई काढून नेतो आणि उरलेल्या ताकाला मग कोणी विचारत नाही.

'जुनी तिकिटं-नाणी द्या, दहा लाख घ्या' असे व्हिडिओ येतात. खरे का?

नाहीत. पद्धत ठरलेली आहे. तुमच्या तिकिटाचा फोटो मागतात, मोठा आकडा सांगतात, मग नोंदणी शुल्क, जीएसटी, कमिशन असं करत तुमच्याकडूनच पैसे घेतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने असं शुल्क मागितलं जातंय, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा खरा धंदा मी पाहिलेला नाही.

परदेशातल्या गिऱ्हाईकाला पाठवता येतील?

अलीकडची तिकिटं पाठवण्यात अडचण नसते. शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. त्या बाहेर पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा. मोठी रक्कम येणार असेल तर सीएंनाही एक फोन.

रसीदी तिकीट पत्राला चालतं का?

नाही. ते महसुलाचं, पावतीवर लावायचं.

मुलगी सहावीत आहे, तिला हे सगळं देऊन टाकू?

द्या, पण एकदम अख्खा डबा नको. अख्खा डबा मिळाला की मूल दोन दिवसांत कंटाळतं. शिक्का बसलेली शंभरेक तिकिटं, एक चिमटा आणि एक स्टॉकबुक (तिकिटं न चिकटवता खोचून ठेवायची वही) द्या. तिला पक्षी जमवू दे, रेल्वे जमवू दे, तिला हवं ते. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची दीनदयाल स्पर्श योजना आहे, २०१७ मध्ये सुरू झालेली. निवड झाली तर वर्षाला ६,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पोस्टात फिलाटेली डिपॉझिट खातं २०० रुपयांत उघडता येतं, मग नवी तिकिटं घरपोच. ही नवी तिकिटं मात्र 'पुढे महाग होतील' म्हणून घेऊ नका. तुमच्या आजोबांनीही तेच म्हणून १९८० साली ताव घेतले होते, आणि आज तुम्ही मला फोन करताय.

तीन भावंडं आहोत, अल्बम एकच. वाटणी कशी?

पानं फाडून तीन भाग करू नका, मालिका तुटतात. कोरी, साधी तिकिटं तिघांत वाटा आणि त्यांनीच एकमेकांना पत्रं लिहा. पाकिटं ज्याला वाचायची हौस आहे त्याच्याकडे. एका घरात तर भांडण इतकं विकोपाला गेलं की मला रविवारी सकाळी बोलावलं. मी सगळं पाहिलं, किंमत काढली, सांगितली. थोरल्याने विचारलं, "एवढीच?" धाकटी म्हणाली, "मग मला द्या." आणि तिने तिथेच बसून अण्णांच्या अक्षरातली इनलँड वाचायला घेतली. मी चहा घेऊन निघालो तेव्हा तिघंही वाचत होते.